बॉर्डर गेटवे प्रोटोकॉलमधील मार्ग-घोषणा

मार्ग-घोषणा म्हणजे "पत्त्यांचा अमुक गट माझ्यामार्फत गाठता येतो" असे एका राउटरने आपल्या शेजारी राउटरला कळविणे होय. इंटरनेट हे हजारो स्वतंत्र जाळ्यांचे मिळून बनलेले जाळे आहे. ही जाळी परस्परांशी ज्या भाषेत बोलतात ती भाषा म्हणजे बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, अर्थात बीजीपी. एखाद्या संस्थेकडे पत्ते आहेत, राउटर आहेत, केबल जोडलेली आहे. तरीही घोषणा झाली नसेल तर उर्वरित जगाच्या दृष्टीने ती संस्था अस्तित्वात नसते. उलटपक्षी, जे पत्ते आपले नाहीत त्यांची घोषणा केल्यास दुसऱ्याची वाहतूक आपल्या दारी येऊन आदळते. म्हणून घोषणांचे कॉन्फिगरेशन, म्हणजे कोणते मार्ग, कोणाला, कोणत्या गुणधर्मांसह सांगावयाचे हे राउटरला नेमून देणे, हे जाळे-व्यवस्थापनातील अत्यंत जबाबदारीचे काम मानले जाते.

## पार्श्वभूमी

बीजीपीचा पहिला आराखडा १९८९ च्या जानेवारीत अमेरिकेतील ऑस्टिन येथे इंटरनेट अभियांत्रिकी कार्यदलाच्या बैठकीच्या वेळी कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी भोजनाच्या टेबलावरील कागदी रुमालांवर उतरविला. त्यामुळे त्यास गमतीने 'रुमालांवरचा प्रोटोकॉल' असे म्हटले जाते. त्याच वर्षी जूनमध्ये तो आरएफसी ११०५ म्हणून प्रसिद्ध झाला. सध्या वापरात असलेली चौथी आवृत्ती १९९४ पासूनची असून तिचे प्रचलित विवरण २००६ च्या आरएफसी ४२७१ मध्ये आहे. चौथ्या आवृत्तीने पत्त्यांचे वर्गविरहित गट वाहून नेण्याची सोय केली आणि मार्ग एकत्रित करून सांगणे शक्य झाले.

प्रोटोकॉल तात्पुरता उपाय म्हणून जन्माला आला, आणि परस्परांना ओळखणाऱ्या मोजक्या अभियंत्यांच्या काळात आला. शेजाऱ्याने जे सांगितले ते खरे मानावयाचे, हे गृहीतक त्याच्या रचनेतच आहे.

## मूलभूत संकल्पना

एका धोरणाखाली चालणाऱ्या जाळ्याला स्वायत्त प्रणाली असे म्हणतात. प्रत्येक स्वायत्त प्रणालीला एक क्रमांक असतो. हे क्रमांक पूर्वी १६ बिटांचे होते. आता ते ३२ बिटांचे आहेत. भारतात पत्ते व क्रमांक यांचे वाटप आयआरआयएनएन ही राष्ट्रीय नोंदणी संस्था करते. ती नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाच्या अखत्यारीत असून आशिया-प्रशांत क्षेत्रासाठीच्या एपनिक या संस्थेशी संलग्न आहे.

पत्त्यांच्या सलग गटाला प्रीफिक्स म्हणतात. २०३.०.११३.०/२४ या लेखनात तिरप्या रेषेनंतरचा आकडा पत्त्याचे किती बिट सामाईक आहेत हे सांगतो. /२४ मध्ये २५६ पत्ते असतात, /२२ मध्ये १,०२४. आकडा जितका मोठा तितका गट लहान व नेमका. एकाच पत्त्यासाठी लहान-मोठे दोन मार्ग उपलब्ध असतील तर राउटर नेहमी अधिक नेमका मार्ग निवडतो. हा नियम वरकरणी साधा वाटतो. परंतु पुढे वर्णिलेले बहुतेक अपघात त्यातूनच उद्भवलेले आहेत.

बीजीपीचे दोन राउटर टीसीपीच्या १७९ क्रमांकाच्या पोर्टवरून सत्र जोडतात. घोषणा 'अपडेट' या संदेशातून जाते. या संदेशात नवे प्रीफिक्स, त्यांचे गुणधर्म आणि मागे घेतलेले प्रीफिक्स असे तीन भाग असतात. समान गुणधर्मांचे अनेक प्रीफिक्स एकाच संदेशात मावतात. घोषणा एकदाच केली जाते, ती ठराविक काळाने पुन्हा उच्चारली जात नाही. सत्र टिकून आहे तोवर ती कायम आहे असे समजले जाते. सत्र तुटले की त्यावरून आलेले सर्व मार्ग सामान्यतः रद्द होतात.

गुणधर्मांपैकी सर्वांत महत्त्वाचा म्हणजे एएस-पाथ. घोषणा एका स्वायत्त प्रणालीतून दुसरीत जाताना प्रत्येक प्रणाली आपला क्रमांक यादीच्या आरंभी जोडते. यादीत आपलाच क्रमांक दिसला तर राउटर ती घोषणा नाकारतो, त्यामुळे मार्ग गोल फिरत नाही. याशिवाय पुढचा टप्पा दर्शविणारा नेक्स्ट-हॉप, मार्ग मूळ कसा उत्पन्न झाला हे सांगणारा ओरिजिन, आणि केवळ आपल्या प्रणालीत वापरली जाणारी लोकल-प्रेफरन्स हेही गुणधर्म निर्णयात भाग घेतात.

## घोषणा कशी उत्पन्न होते

एका काल्पनिक महाविद्यालयाचे उदाहरण घेता येईल. त्याचा स्वायत्त प्रणाली क्रमांक ६४५००, पत्ते २०३.०.११३.०/२४, आणि सेवापुरवठादाराचा क्रमांक ६४५०१ आहे असे समजू. (हे सर्व आकडे केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या संचातील आहेत.) सिस्को आयओएस पद्धतीच्या राउटरवर किमान मांडणी पुढीलप्रमाणे होते, आज्ञा येथे देवनागरीत दिल्या आहेत.

राउटर बीजीपी ६४५००
नेबर १९८.५१.१००.१ रिमोट-एएस ६४५०१
नेटवर्क २०३.०.११३.० मास्क २५५.२५५.२५५.०
आयपी रूट २०३.०.११३.० २५५.२५५.२५५.० नल०

यातील 'नेटवर्क' ही आज्ञा विद्यार्थ्यांना हमखास चकवते. ओएसपीएफसारख्या अंतर्गत प्रोटोकॉलमध्ये हीच आज्ञा कोणत्या इंटरफेसवर प्रोटोकॉल चालू करावयाचा हे ठरविते. बीजीपीमध्ये तिचा इंटरफेसशी काही संबंध नाही. "हा प्रीफिक्स माझ्या मार्गतालिकेत असेल तर तो बीजीपीत घे" एवढाच तिचा अर्थ आहे. हे 'असेल तर' फार कडक आहे: पत्ता आणि मास्क दोन्ही तंतोतंत जुळावे लागतात. तालिकेत /२५ चे दोन तुकडे असतील आणि आज्ञेत /२४ लिहिले असेल, तर राउटर कोणतीही तक्रार न करता काहीच घोषित करत नाही. शेजारी सत्र जोडलेले दिसते, चूक कोठेच दिसत नाही, पण बाहेरून महाविद्यालयाचे संकेतस्थळ उघडत नाही. नवख्या अभियंत्याचे कित्येक तास या एका विसंगतीत जातात.

शेवटच्या ओळीतील 'नल०' हा त्यावरील प्रचलित उपाय होय. नल० हा प्रत्यक्षात नसलेला इंटरफेस आहे. त्याच्याकडे वळविलेले पॅकेट टाकून दिले जाते. त्याकडे बोट दाखविणारा स्थिर मार्ग नोंदविल्यामुळे तालिकेत नेमका /२४ सदैव हजर राहतो. आतील विभागांचे अधिक नेमके मार्ग उपलब्ध असल्याने खरी वाहतूक योग्य ठिकाणी जाते, आणि न वापरलेल्या पत्त्यांकडे येणारी पॅकेटे तेथेच संपतात. हा स्थिर मार्ग नसेल तर तशी पॅकेटे डिफॉल्ट मार्गाने पुरवठादाराकडे परत जातात, तो ती पुन्हा महाविद्यालयाकडे धाडतो, आणि आयुर्मान संपेपर्यंत ती दोघांच्या मध्ये येरझारा घालत राहतात.

या उपायाची दुसरी बाजूही आहे. घोषणा आता आतील जाळ्याच्या स्थितीवर अवलंबून राहत नाही. एखाद्या विभागाची केबल सैल होऊन दर मिनिटाला मार्ग येत-जात असला तरी जगाला त्याचा उपद्रव होत नाही, ही जमेची बाजू. मात्र सीमेवरील राउटरचा आतील जाळ्याशी संपर्क पूर्णपणे तुटला तरी तो "माझ्याकडे या" असे सांगतच राहतो आणि आलेली वाहतूक गडप करतो. दोन सीमा-राउटर असतील तर हे विशेष घातक ठरते, कारण दुसऱ्या सुस्थितीतील राउटरकडे जाऊ शकणारी वाहतूकही पहिला ओढून घेतो.

घोषणा उत्पन्न करण्याचा दुसरा मार्ग 'रीडिस्ट्रिब्यूट' हा आहे. त्यायोगे अंतर्गत प्रोटोकॉलमधील अथवा स्थिर मार्ग घाऊक प्रमाणात बीजीपीत ओतले जातात. नेटवर्क आज्ञेने आलेल्या मार्गाचा ओरिजिन 'आयजीपी' असतो, तर अशा रीतीने आलेल्या मार्गाचा 'इन्कम्प्लीट'; इतर सर्व समान असता पहिल्यास पसंती मिळते. चाळणी न लावता केलेले रीडिस्ट्रिब्यूट टाळणेच श्रेयस्कर, कारण उद्या कोणी कोठे एखादा तात्पुरता स्थिर मार्ग लिहिला तर तोही आपोआप जगापुढे जातो.

तिसरा मार्ग एकत्रीकरणाचा. 'ॲग्रिगेट-ॲड्रेस' या आज्ञेने अनेक लहान प्रीफिक्सऐवजी एक मोठा घोषित करता येतो. मात्र त्यातील किमान एक लहान मार्ग बीजीपीत असावा लागतो. 'समरी-ओन्ली' हा शब्द जोडला नाही तर मोठ्याबरोबर लहानही जात राहतात.

ज्युनिपरच्या जुनॉस प्रणालीत नेटवर्क आज्ञाच नाही. तेथे स्थिर मार्ग नोंदवून तो 'एक्सपोर्ट' धोरणात नेमकेपणाने उल्लेखावा लागतो. मांडणी थोडी लांब होते, परंतु काय बाहेर जाणार हे एका ठिकाणी वाचता येते.

## घोषणा कोणाकडे जाते

राउटरला एका प्रीफिक्ससाठी अनेक मार्ग कळले तरी तो सामान्यतः केवळ स्वतः निवडलेला सर्वोत्तम मार्गच पुढे सांगतो. बाह्य शेजाऱ्याकडून आलेला मार्ग सर्वांना सांगितला जातो; अंतर्गत, म्हणजे आपल्याच स्वायत्त प्रणालीतील, शेजाऱ्याकडून आलेला मार्ग दुसऱ्या अंतर्गत शेजाऱ्याला सांगितला जात नाही. प्रणालीच्या आत एएस-पाथ वाढत नसल्यामुळे मार्ग गोल फिरला तरी ओळखता येत नाही, हे या बंधनाचे कारण. परिणामी सर्व अंतर्गत राउटर एकमेकांशी थेट जोडावे लागतात: १० राउटरांना ४५ सत्रे, १०० राउटरांना ४,९५०. रूट रिफ्लेक्टर आणि कॉन्फेडरेशन या दोन योजना ही संख्या आटोक्यात आणतात.

अंतर्गत घोषणेत नेक्स्ट-हॉप बदलत नाही, हाही नेहमीचा अडथळा. पुरवठादाराच्या बाजूचा पत्ता आतील राउटरला ठाऊक नसेल तर मार्ग तालिकेत दिसतो पण वापरला जात नाही. सीमा-राउटरवर 'नेक्स्ट-हॉप-सेल्फ' लिहिल्याने तो सुटतो.

## धोरण आणि चाळण्या

समजा, वरील महाविद्यालयाने दुसऱ्या पुरवठादाराकडूनही जोडणी घेतली. आता पहिल्याकडून आलेले मार्ग दुसऱ्याला आणि दुसऱ्याचे पहिल्याला सांगणे हे पारंपरिक मांडणीत राउटरचे स्वाभाविक वर्तन आहे. जाणाऱ्या घोषणांवर चाळणी नसेल तर दोन मोठ्या कंपन्यांमधील वाहतूक महाविद्यालयाच्या छोट्याशा जोडणीतून वाहू लागण्याचा संभव निर्माण होतो. पुरवठादार हा आपल्या ग्राहकाकडून आलेल्या मार्गाला लोकल-प्रेफरन्स वाढवून देतो, कारण त्या वाहतुकीचे त्याला पैसे मिळतात. त्यामुळे हा लांबचा मार्गही त्याला 'सर्वोत्तम' वाटतो. याला मार्ग-गळती असे म्हणतात. आरएफसी ७९०८ मध्ये तिचे प्रकार वर्णिले आहेत.

गळती टाळणारा नियम व्यवहारातून आलेला आहे. ग्राहकाचे मार्ग सर्वांना सांगावेत; पुरवठादाराचे आणि बरोबरीच्या भागीदाराचे मार्ग फक्त ग्राहकांना सांगावेत. लिक्सिन गाओ आणि जेनिफर रेक्सफर्ड यांनी या नियमाला गणिती रूप दिले आणि सर्वांनी तो पाळल्यास जागतिक मार्गनिवड स्थिरावते हे दाखविले. महाविद्यालयाला ग्राहक नाहीत, तेव्हा त्याने दोन्ही पुरवठादारांना केवळ स्वतःचा /२४ सांगावा. त्यासाठी परवानगीच्या प्रीफिक्सची यादी करून ती प्रत्येक बाह्य शेजाऱ्याला 'आउट' दिशेने लावतात. नको ते वगळण्याऐवजी हवे तेवढेच परवानगीत घ्यावे, हे येथील उत्तम धोरण होय.

कॉन्फिगरेशनमध्ये चाळणीचा विसर पडणे इतके सामान्य आहे, की २०१७ मध्ये आरएफसी ८२१२ ने मूळ वर्तनच उलटे केले: बाह्य शेजाऱ्यासाठी धोरण लिहिलेले नसेल तर काही स्वीकारू नये आणि काही घोषित करू नये. बर्ड या मुक्त प्रणालीची दुसरी आवृत्ती, एफआरआरच्या अलीकडील आवृत्त्या आणि सिस्कोची आयओएस एक्सआर यांत हे वर्तन आढळते. जुन्या पुस्तकांतील उदाहरणे अशा राउटरवर तशीच उतरवून काढल्यास एकही मार्ग हलत नाही. तो दोष नसून संरक्षण आहे.

पुरवठादाराच्या बाजूने ग्राहकाकडून येणाऱ्या घोषणांवरही चाळणी असणे आवश्यक आहे. तसेच शेजाऱ्याने ठराविक संख्येपेक्षा अधिक प्रीफिक्स सांगितल्यास सत्र तोडणारी कमाल मर्यादा लावता येते. स्वस्तातला विमा म्हणून तिच्याकडे पाहावे.

धोरणात कम्युनिटी या खुणांचाही वापर होतो. 'नो-एक्सपोर्ट' ही खूण लावलेला मार्ग शेजाऱ्याने आपल्या प्रणालीबाहेर सांगू नये, असा तिचा अर्थ आहे. येणारी वाहतूक एका जोडणीवर कमी करावयाची असेल तर त्या बाजूला आपलाच क्रमांक एएस-पाथमध्ये दोन-तीन वेळा लिहून मार्ग मुद्दाम लांब दाखविण्याची पद्धत आहे. /२४ पेक्षा लहान घोषणा बहुतेक जाळी स्वीकारत नाहीत. आयपीव्ही६ मध्ये ही प्रचलित सीमा /४८ आहे. मोठ्या प्रीफिक्सचे तुकडे करून घोषणा केल्यास वाहतुकीवर ताबा मिळतो खरा, परंतु त्याचा भार जगातील प्रत्येक मोठ्या राउटरच्या स्मृतीवर पडतो. १२ ऑगस्ट २०१४ रोजी जागतिक तालिका ५,१२,००० मार्गांची सीमा ओलांडून गेली, तेव्हा जुन्या राउटरांची राखीव स्मृती अपुरी पडून अनेक ठिकाणी सेवा खंडित झाली. आज आयपीव्ही४ ची तालिका नऊ लाखांहून अधिक मार्गांची आहे.

## उल्लेखनीय घटना

२५ एप्रिल १९९७ रोजी स्वायत्त प्रणाली क्रमांक ७००७ मधील एका राउटरने इंटरनेटवरील मार्गांचे /२४ चे तुकडे करून ते स्वतःचे म्हणून घोषित केले. अधिक नेमक्या मार्गाला प्राधान्य मिळाल्याने वाहतूक त्या लहानशा जाळ्याकडे धावली.

२४ फेब्रुवारी २००८ ची घटना अभ्यासक्रमांत वारंवार येते. पाकिस्तान सरकारने यूट्यूब बंद करण्याचा आदेश दिल्यावर पाकिस्तान टेलिकॉमने २०८.६५.१५३.०/२४ हा मार्ग घोषित केला. हेतू देशांतर्गत होता. पण घोषणा पीसीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय पुरवठादाराकडे गेली, आणि त्याने ती न चाळता जगभर पोहोचविली. यूट्यूबची स्वतःची घोषणा २०८.६५.१५२.०/२२ अशी, म्हणजे कमी नेमकी होती. जागतिक प्रमाण वेळेनुसार १८:४७ वाजता हे सुरू झाले. २०:०७ वाजता यूट्यूबने तोच /२४ घोषित केला. आता दोन्ही घोषणा समान लांबीच्या असल्याने ज्याला जो जवळ तो मार्ग मिळू लागला. २०:१८ वाजता यूट्यूबने /२५ चे दोन तुकडे सांगितले, जे स्वीकारणाऱ्या राउटरांची वाहतूक परत वळली. अखेर २१:०१ वाजता पीसीसीडब्ल्यूने चुकीचे मार्ग मागे घेतले.

भारतातून झालेल्या गळतींपैकी नोव्हेंबर २०१५ मधील भारती एअरटेलची आणि १६ एप्रिल २०२१ रोजीची व्होडाफोन आयडियाची या विशेष नोंदल्या गेल्या. दुसरीत तीस हजारांहून अधिक प्रीफिक्स त्या कंपनीचे म्हणून घोषित झाले होते.

२४ जून २०१९ रोजी अमेरिकेतील एका प्रादेशिक पुरवठादाराकडील मार्ग-सुधारक सॉफ्टवेअरने आतल्या वापरासाठी तयार केलेले लहान तुकडे एका ग्राहक कंपनीच्या मार्फत व्हेरायझनकडे पोहोचले. व्हेरायझनने ते स्वीकारले आणि क्लाउडफ्लेअरसह अनेकांची वाहतूक खोळंबली. ग्राहकाकडून येणाऱ्या मार्गांवर चाळणी किंवा कमाल मर्यादा असती तर घटना तेथेच थांबली असती.

४ ऑक्टोबर २०२१ चे फेसबुकचे प्रकरण याच्या विरुद्ध टोकाचे आहे. तेथे नको ती घोषणा झाली नव्हती. हवी ती मागे घेतली गेली. देखभालीच्या एका आज्ञेने कंपनीच्या अंतर्गत जाळ्याची जोडणी तुटली. विदा केंद्रांशी संपर्क नसेल तर नाव-सेवेच्या केंद्रांनी आपली बीजीपी घोषणा मागे घ्यावी, अशी योजना होती. एकेका केंद्रासाठी ती अगदी योग्य, नल० मार्गाने होणारी गडपगिरी टाळणारी. या वेळी सर्वच केंद्रांचा संपर्क एकाच वेळी गेला आणि सर्वांनीच घोषणा मागे घेतली. फेसबुक, व्हॉट्सॲप व इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद राहिले.

## पडताळणी व संरक्षण

घोषणा योग्य झाली की नाही हे आपल्या राउटरवर पाहून पूर्णपणे कळत नाही. शेजाऱ्याला काय पाठविले याची यादी राउटर देतो, परंतु पुढे ते स्वीकारले गेले का, हे बाहेरून पाहावे लागते. त्यासाठी अनेक पुरवठादार लुकिंग ग्लास नावाची सार्वजनिक सुविधा ठेवतात. ओरेगॉन विद्यापीठाचा रूटव्ह्यूज प्रकल्प आणि राइप एनसीसीची आरआयएस सेवा जगभरातील घोषणांची नोंद ठेवतात. धोरण बदलल्यावर सत्र तोडून पुन्हा जोडण्याची गरज नसते; रूट-रिफ्रेश या सोयीने शेजाऱ्याकडून मार्ग पुन्हा मागविता येतात.

प्रीफिक्सचा खरा धनी कोण याची सांकेतिक पडताळणी आरपीकेआय या व्यवस्थेने होते. पत्तेधारक आपल्या नोंदणी संस्थेमार्फत आरओए हा स्वाक्षरीयुक्त दाखला प्रसिद्ध करतो. त्यात प्रीफिक्स, तो घोषित करण्यास पात्र स्वायत्त प्रणाली क्रमांक आणि कमाल लांबी नमूद असते. येणारी घोषणा या दाखल्यांशी ताडून राउटर तिला वैध, अवैध अथवा अज्ञात ठरवितो. कमाल लांबी सैल ठेवणे ही येथील नेहमीची चूक होय: /२२ घोषित करणाऱ्याने दाखल्यात /२४ पर्यंत मुभा दिली, तर हल्लेखोर धन्याचा क्रमांक एएस-पाथच्या शेवटी लावून /२४ घोषित करू शकतो आणि ती घोषणा वैध ठरते. तसेच ही तपासणी फक्त मार्गाचा उगम पाहते. गळतीत उगम खराच राहिला असेल तर तिला ती ओळखू येत नाही. त्या त्रुटीसाठी २०२२ च्या आरएफसी ९२३४ मध्ये शेजाऱ्याशी असलेले नाते, म्हणजे ग्राहक, पुरवठादार की बरोबरीचा, हे सत्र जोडतानाच परस्परांना सांगण्याची तरतूद करण्यात आली. दोन्ही बाजूंनी नमूद केलेली नाती जुळली नाहीत तर सत्रच जोडले जात नाही.